शाकारणीचा माणूस

घराच्या बहुतेक कामांची परीक्षा काम चालू असतानाच करता येते. गवंड्याने भिंत तिरकी उचलली तर ओळंबा सोडून ती दाखवता येते; रंगाऱ्याने एक हात कमी मारला तर दुसऱ्या दिवशीच्या उन्हात भिंतच ते सांगते; प्लंबरने केलेल्या जोडाची खात्री तोटी फिरवताच होते. छपराचे काम याला अपवाद आहे. ते मे महिन्याच्या कोरड्या उन्हात, जमिनीपासून पंधरा-वीस फुटांवर, घराचा मालक सहसा चढत नाही अशा जागी होते, त्याचे पैसे कोरड्या उन्हातच चुकते होतात, माणसे शिडी खांद्यावर टाकून पुढच्या वाडीत जातात आणि काम कसे झाले होते याचा निकाल जून महिन्यात, तोही बहुधा रात्री, लागतो. कारागीर विश्वासू आहे की नाही हा प्रश्न प्रत्येक कामात असतो, पण छपराच्या बाबतीत तो कामाच्या आधीच सोडवावा लागतो.

आमचे गावचे घर राजापूर तालुक्यात आहे. भिंती चिऱ्याच्या, छप्पर चौपाखी, म्हणजे चार उतारांचे, आणि मंगलोरी कौलांचे, पुढे-मागे पडव्या, आणि मागच्या पडवीला लागून वडिलांच्या हयातीत जोडलेली न्हाणीघराची पत्र्याची शेड. भावंडांपैकी कोणी ठाण्यात, कोणी पुण्यात. गणपती, शिमगा आणि मे महिन्याची सुटी वगळता घराला कुलूप असते. अशी कुलूपबंद घरे कोकणात वाडीवाडीत आहेत आणि त्यांच्या छपरांचा प्रश्न राहत्या घरांहून वेगळा आहे. राहत्या घरात कौल सरकले तर पहिल्याच सरीला कोणीतरी खाली पातेले ठेवते आणि उघडीप मिळताच काठीने ते कौल सारखे करते. बंद घरात तीच फट जूनपासून गणपतीपर्यंत गळत राहते, वासा भिजत राहतो, भिंतीच्या माथ्यावरून वाळवी त्याला लागते आणि भाद्रपदात दार उघडणाऱ्याला आधी वास येतो, मग डाग दिसतो. तोवर दुरुस्ती एका कौलाची राहिलेली नसते, वाशाची झालेली असते.

पूर्वी कारागीर निवडण्याचा प्रश्नच येत नसे. अक्षय्य तृतीया झाली की घर शाकारायला, म्हणजे पावसाआधी छप्पर नीट करायला घ्यायचे, मृगाच्या आत आटोपायचे, आणि ते कोण करणार हे आजोबांच्या वेळेपासून ठरलेले असे. घरांवर गवत किंवा पेंढा होता तेव्हा तर दर वर्षी नवे शाकारण करण्यावाचून गत्यंतर नव्हते. नळीची कौले आली तरी मांजरे, उंदीर आणि वारा मिळून ती इतकी हलवत की सगळे छप्पर उतरवून पुन्हा लावावे लागे. बाझेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. नदीकाठची चिकणमाती साच्यात दाबून काढलेले, एकमेकांच्या खाचेत बसणारे ते सपाट कौल समुद्रमार्गाने पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत उतरू लागले आणि कोकणातील घरांचे रूप पालटले. आमच्या घराची काही कौले उलटी करून पाहिली तर कारखान्याच्या नावाचा ठसा अजून बोटाला लागतो. मंगलोरी कौलाने वार्षिक काम कमी केले, पण संपवले नाही. फुटलेली कौले बदलणे, खाचांतला पाचोळा आणि शेवाळ काढणे, पन्हळ साफ करणे, किडलेली रीप, म्हणजे कौलांखालची आडवी पट्टी, बदलणे, आढ्यावरचे कोने, म्हणजे माथ्याच्या सांध्यावरची कौले, पुन्हा बसवणे, या सगळ्यासाठी माणूस दर मे महिन्यात येतच राहिला.

त्या माणसाचा भरवसा कशावर उभा होता, याचा मी बराच विचार केला आहे. आमच्याकडे येणारे दादा काही गोड स्वभावाचे नव्हते. दुपारनंतर त्यांच्या जवळ उभे राहवत नसे, आणि चहात साखर कमी पडली तर ते आढ्यावर बसूनच ती गोष्ट अख्ख्या वाडीला ऐकवत. पण ज्या पाख्यावर त्यांनी गेल्या वर्षी काम केले होते त्याच पाख्यावर यंदा त्यांनाच चढायचे होते. गेल्या मे महिन्यात झाकून टाकलेली सडकी रीप यंदा त्यांच्याच पायाखाली मोडली असती. आणि मधल्या पावसात घर गळले तर आजी त्यांना पाणंदीत गाठून चारचौघांत विचारणार होती, तेही मोठ्या आवाजात. त्यांच्या चोख कामामागे स्वभाव किती आणि ही परत येण्याची सक्ती किती, हे वेगळे काढून सांगता येणार नाही. माझा कौल सक्तीच्या बाजूने आहे.

ही व्यवस्था मोडली त्याला अनेक कारणे आहेत आणि त्यांतले सर्वांत मोठे कारण चार पायांचे आहे. वानरांचा एक कळप आढ्यावरून गेला की जी कौले फुटतात ती बदलण्याचा खर्च एका हंगामात दोनदा-तीनदा करावा लागला, तर माणूस कौलांनाच कंटाळतो. त्यात कौलांवर अनवाणी चालता येणाऱ्यांची, म्हणजे पाऊल नेमके रिपेवर येईल अशा अंदाजाने टाकणाऱ्यांची, पुढची पिढी मुंबईला गेली. कौलांचे अनेक कारखाने बंद पडले, आणि निरनिराळ्या कारखान्यांच्या साच्यांत थोडाथोडा फरक असल्यामुळे एकाच्या खाचेत दुसऱ्याचे कौल धड बसत नाही. म्हणून लोक पत्र्याकडे वळले. शहरात राहून वर्षातून दोन-तीनदा गावी जाणाऱ्याने त्यांना नावे ठेवू नयेत, असे मला वाटते.

मात्र पत्र्याबरोबर कारागीरही बदलला. कौले लावणारा गेला आणि वेल्डिंगचे यंत्र, कटर व छोटा टेम्पो असलेला फॅब्रिकेटर आला. त्यांच्यात अतिशय कसबी माणसे आहेत; पण त्यांचा धंदा एकदाच येण्याचा आहे. ‘पत्रा मारून देतो, वीस वर्षं वर बघायला नको,’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की ते कोठेतरी शिकवत असावेत. ज्या छपराकडे वीस वर्षे कोणी पाहणार नाही, त्यावर आज काय केले हेही कोणी पाहणार नाही, हा त्या वाक्याचा दुसरा अर्थ होतो. विजेच्या कामाला परवानाधारक माणूस लागतो. छपराच्या कामाला तसा परवाना नसतो, आणि काल खिडक्यांच्या जाळ्या करणारा आज छपरे करू लागला तर त्याला अडवणारे कोणी नाही. हमीपत्राचाही फारसा आधार नाही. शहरातल्या सोसायट्यांना गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी मुद्रांकाच्या कागदावर दहा वर्षांची हमी मिळते. तिसऱ्या पावसात गच्ची गळू लागते तेव्हा फोन लागत नाही, किंवा लागला तर तोच मनुष्य वेगळ्या नावाच्या कंपनीतून बोलत असतो.

अशा वेळी माणूस पारखायचा कसा? माझे मत असे, की तो काय बोलतो याच्या आधी तो कोठे जातो हे पाहावे. मागच्या पाख्याला आणि न्हाणीघराच्या शेडला गळती लागली तेव्हा आम्ही दोघांना बोलावले होते. पहिल्याने घराभोवती एक फेरी मारली, अंगणात उभे राहून मोबाइलवर आकडेमोड केली आणि सगळे छप्पर उतरवून रंगीत पत्रा टाकण्याची रक्कम सांगितली. घरात तो आलाच नाही. दुसरा, वयाने तिशीतला, टॉर्च मागून आधी माळ्यावर गेला. कौलांखालच्या माळ्यावर मे महिन्यात पाच मिनिटेही बसवत नाही. हा बराच वेळ ओणवा राहून एकेका वाशावर टॉर्च फिरवत होता. एका वाशाच्या खालच्या अंगाला काळपट रेघ होती, वरून उतरत आलेली आणि ठिबकण्याच्या जागी गोल डाग झालेली. डागापाशी त्याने काहीच केले नाही. रेघेचा माग काढत तो पाच-सहा हात वर सरकला, तिथल्या रिपेवर त्याने खडूने फुली मारली आणि तिच्यावरचे कौल आतूनच दोन बोटांनी उचलून पाहिले. कौल अखंड होते. त्याच्या खाचेत आंब्याच्या पाचोळ्याचा आणि मातीचा बोळा घट्ट बसला होता आणि पाणी त्याला अडून खाचेबाहेर उलटत होते.

खाली येऊन त्याने हात धुतले आणि आईला विचारले, “काकी, कुठं गळतं ते बघितलं मी. कधी गळतं ते सांगा.”

हा प्रश्न विचारणारा माणूस मला त्याआधी भेटला नव्हता, आणि आता छपराच्या माणसाकडून मी या प्रश्नाची वाट पाहतो. कारण गळतीची वेळ तिचे कारण सांगते. पहिल्याच सरीला धार लागत असेल तर कौल फुटलेले किंवा सरकलेले असते. साध्या पावसात कोरडे राहणारे घर वाऱ्याच्या पावसातच गळत असेल तर दोष आढ्याच्या कोन्यांत, पत्र्यांच्या एकमेकांवरच्या चढणीत किंवा कमी उतारात शोधावा लागतो. दिवसभराच्या संततधारेनंतर हळूहळू ओल उतरत असेल तर कौले जुनी होऊन पाणी पिऊ लागली आहेत किंवा दोन पाख्यांमधली पन्हळ तुंबली आहे. पाऊस थांबल्यावर काही तासांनी भिंत पाझरत असेल तर ते पाणी बहुधा छपरातून आलेलेच नसते, छप्पर आणि भिंत जिथे मिळतात तिथल्या सिमेंटच्या भेगेतून आलेले असते. आणि पत्र्याच्या घरात थंडीच्या दिवसांत, आकाश निरभ्र असताना, पहाटे अंथरुणावर थेंब पडत असतील तर ती गळती नव्हेच; घरातल्या हवेतली वाफ गार पत्र्याला लागून तिचे पाणी होते. या शेवटच्या प्रकारावर सीलंटच्या नळ्याच्या नळ्या रिकाम्या करून पैसे घेतलेले मी पाहिले आहेत. तिथे उपाय हवा खेळती ठेवण्याचा किंवा पत्र्याखाली अस्तर लावण्याचा असतो. जो कारागीर या सगळ्याला एकच औषध सांगतो, तो ते औषध विकायलाच आलेला असतो.

दुसरी गोष्ट जुन्या कामांची. कारागीर स्वतःहून दाखवतो ती नेहमी ताजी कामे असतात. मोबाइलमधल्या छायाचित्रांत पत्रा निळाभोर चमकत असतो. नव्या छपरावरून काहीच कळत नाही. तीन-चार पावसाळे काढलेले काम दाखवा, असे म्हटले की काही जण उत्साहाने तीन घरे सांगतात आणि काही जणांना त्या सगळ्या घरांचे मालक नेमके मुंबईला गेलेले आठवतात. असे घर मिळाले तर भर दुपारी आत उभे राहून दारे-खिडक्या ओढून घ्याव्यात आणि वर पाहावे. जिथून उजेडाचे टिपके दिसतात तिथून पाणी येते. पत्र्यावरच्या स्क्रूभोवती तांबूस वलये आहेत का, पन्हळीच्या तोंडाशी गंज धरला आहे का, हे शिडीवरूनही दिसते. आणि चौकशी घरातल्या पुरुषाकडे न करता स्वयंपाकघरात करावी. पुरुष कारागिराशी झालेल्या व्यवहाराविषयी बोलतो. पावसात पातेली कोणत्या कोपऱ्यात ठेवावी लागतात हे बाईला माहीत असते, आणि ती ते लपवत नाही.

वाऱ्याविषयी कारागीर काय बोलतो, हे मी आवर्जून ऐकतो, आणि याचे कारण ३ जून २०२० हे आहे. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यात घरांची छपरे उचलून नेली. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर वर सरकत गेले आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या छपरांनाही त्याचा फटका बसला. कौलारू घरांची कौले उडाली, फुटली. पण पत्र्याची छपरे पुष्कळ ठिकाणी सांगाड्यासकट गेली. यामागचे गणित साधे आहे. तीस बाय चाळीस फुटांच्या घरावर, उतार ३० अंशांचा धरला तर, दोन हजारांच्या आसपास मंगलोरी कौले लागतात. एका कौलाचे वजन अडीच किलोच्या आगेमागे असते, म्हणजे नुसत्या कौलांचे वजन पाच टनांच्या जवळ जाते, आणि ती भिजली की आणखी वाढते. त्याच घरावर अर्ध्या मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा टाकला तर त्याचे वजन सहाशे-सातशे किलो भरते. जुन्या छपराला त्याचे वजनच जागेवर धरून ठेवत होते. वजन काढून घेतले की धरून ठेवण्याची दुसरी सोय करावी लागते. वळचणीच्या कडेला स्क्रू एकमेकांच्या जवळ मारायला हवेत, सांगाडा भिंतीत पुरलेल्या बोल्टने जखडायला हवा, पडवीचा पत्रा फार बाहेर काढायला नको, कारण वारा तिथूनच आत शिरून छप्पर वर ढकलतो. कौले काढून पत्रा टाकण्याविषयी तासभर बोलून ज्याच्या तोंडी हे बांधून ठेवणे एकदाही येत नाही, त्याच्या हाती घर देण्याचे धाडस मी करणार नाही, मग त्याचा दर कितीही कमी असो.

दराविषयी बोलायचे तर फसवणूक दरात क्वचित असते. ती मोजमापात आणि मालात असते. वर सांगितलेले घर जमिनीवर १,२०० चौरस फूट भरते. ३० अंशांच्या उतारावर त्याचे छप्पर सुमारे १,३८५ चौरस फूट होते आणि ४५ अंशांच्या उतारावर जवळजवळ १,७००. वळचणी आणखी वेगळ्या. त्यामुळे ‘चौरस फुटाला इतके’ असे तिघांनी सांगितले तरी एक जण जमिनीवरचे माप धरतो, दुसरा पाख्यावरचे, आणि तिसरा पत्र्यांच्या चढणीत झाकला जाणारा भागही दोनदा मोजतो. मोजणी कशी करणार हे जो आपण न विचारता सांगतो, त्याच्याविषयी माझे मत चांगले होते. पत्र्याच्या जाडीतही हेच. ०.५० मिलिमीटर सांगून ०.४० चा पत्रा टाकला तर जमिनीवरून कोणाला कळणार? शिवाय सांगितलेली जाडी रंग आणि लेपासह आहे की आतल्या पोलादाची, हाही प्रश्न असतो. मायक्रोमीटर हे काही मोठे अवघड यंत्र नाही. माल उतरताना कारागिराच्या देखत एका कडेला तो लावून पाहावा. प्रामाणिक माणसाला त्याचा राग येत नाही, उलट मालकाचा मायक्रोमीटर खोटा आकडा दाखवतो की काय, अशी चौकशी तो करतो.

काम चालू असताना मालकाला खालूनही दिसू शकेल अशी एक गोष्ट मला त्या तिशीतल्या कारागिराकडूनच कळली. न्हाणीघराच्या शेडचे पत्रे त्याने अंगणात, एका बाजूला जुने पोते अंथरून कापले. छपरावर चढवलेला पत्रा वरच्या वर ग्राइंडरने कापला की ठिणग्यांनी रंगाचा लेप जळतो आणि लोखंडाचा बारीक चुरा पत्र्यावर पसरतो. पहिल्या पावसात तो चुरा गंजतो आणि प्रत्येक कणाखाली एक डाग तयार होतो. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत हे फार लवकर घडते. प्रत्येक पत्रा वर देण्याआधी त्याचा मदतनीस तो मऊ झाडूने झाडत होता, आणि एकदा त्याने झाडायचे टाळले तेव्हा वरून शिवी आली. स्क्रूही तो हाताच्या अंदाजाने थांबवत होता. खालची रबरी चकती किंचितच दबायला हवी. फार आवळली तर चेपून फाटते, सैल राहिली तर पाणी आत घेते. ही कामे त्याने आम्ही पाहत होतो म्हणून केली असे म्हणायला जागा नाही, कारण त्यांचा अर्थ आम्हाला त्याने संध्याकाळी चहाच्या वेळी सांगितला तेव्हाच कळला.

जुन्या मालाचा विषय लोक विसरतात आणि तिथे मोठे नुकसान होते. छप्पर उतरवले की चांगली जुनी कौले, सागाचे किंवा किंजळीचे वासे, काचेची कौले, कधी कोरीव खांब, असा बराच ऐवज अंगणात पडतो. ‘कचरा आम्हीच उचलून नेतो, त्याचे वेगळे पैसे नकोत,’ हे बोलणे ऐकायला उदार वाटते. रिसॉर्ट आणि हॉटेले सजवणाऱ्यांकडून अशा जुन्या मालाला चांगली मागणी असते आणि तो कोठे जातो हे कुलूपबंद घराच्या मालकाला कधीच कळत नाही. आमच्या कारागिराने उतरवलेली कौले ठोकून ठोकून वेगळी लावली: खणखणीत वाजणारी एका बाजूला, भदभद वाजणारी दुसऱ्या बाजूला. खणखणीत कौले त्याने गोठ्याच्या भिंतीशी उभी रचून ठेवली आणि सांगितले, “ही कोणाला देऊ नका. या साच्याचं कौल आता मिळणार नाही, वानरं तर येणारच आहेत.”

पैशांच्या बाबतीत संशय दोन्ही बाजूंना असतो, हे मान्य करायला हवे. आगाऊ रक्कम घेऊन नाहीसे झालेले कारागीर आहेत, तसे काम झाल्यावर फोन न उचलणारे चाकरमानीही आहेत, आणि छपराच्या माणसांत त्यांची नावे चांगली ठाऊक असतात. मालाचे पैसे आपण थेट दुकानदाराला द्यावेत, मजुरी कामाच्या टप्प्यांनी द्यावी आणि एक लहानसा हिस्सा पावसाची परीक्षा होईपर्यंत राखून ठेवावा, ही रीत मला बरी वाटते. किती दिवस राखायचा, यावर वाद होतो. मृगाच्या सरी उडत्या असतात. जून महिन्याच्या अखेरीस आर्द्रा लागल्यावर खरी झड बसते आणि पाख्याची लायकी तेव्हा कळते. आमचा करार ‘आर्द्रा संपेपर्यंत’ असा आहे, आणि तारीख सांगण्यापेक्षा ही भाषा त्याला अधिक पटली. राखलेला हिस्सा मात्र ठरल्या वेळी, त्याने मागण्याआधी, पोचता व्हायला हवा. तसे झाले नाही तर पुढच्या वर्षी तो दुसऱ्याच्या छपरावर असेल.

वेळेच्या बाबतीत तर दोष बहुतांशी आमच्यासारख्यांचाच असतो. सुटी मिळते मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात, म्हणून छपराचे काम तेव्हाच निघते. सगळ्या तालुक्याचे काम त्याच पंधरा दिवसांत निघते, आणि चांगला माणूस तेव्हा मोकळा नसतो. जो मोकळा असतो तो का मोकळा आहे, याचा विचार करावा. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २५ मे रोजी देवगडपर्यंत पोचला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत. त्याआधीचे काही दिवसही पावसातच गेले होते. त्या आठवड्यात कौले उतरवून ठेवलेली आणि ताडपत्र्या बांधलेली घरे रस्त्याने जाताना दिसत होती. आमच्या कारागिराने त्या वर्षी मे महिन्याच्या मध्यानंतर एकही नवे छप्पर उघडायला नकार दिला होता, आणि त्याबद्दल त्याला काही घरांतून बोलणी खावी लागली होती. कमाईच्या दिवसांत काम नाकारणारा माणूस मला जुन्या दादांच्या जातकुळीतला वाटतो.

एक गोष्ट मी आता करार करतानाच विचारतो, कारण ती नंतर विचारण्यासारखी नसते: वर चढणाऱ्या पोरांसाठी दोर आणि पट्टा आहे का? जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर पाय टाकला की तो वरून अभंग दिसत असतानाही खाली बसतो. त्यावर आडव्या फळ्या टाकून वावरायचे असते, आणि घाईत फळी सरकवायचा कंटाळा केला जातो. कामाला येणारी मुले कधी गावातली असतात, कधी आंब्याच्या बागांसाठी नेपाळहून आलेली आणि हंगाम संपल्यावर मिळेल ते काम करणारी. त्यांच्यापैकी कोणी आमच्या छपरावरून पडले तर कारागीर आणि आम्ही, दोघेही त्याचे देणे लागतो. या प्रश्नावर जो हसतो त्याला मी काम देत नाही. हा नियम माझ्या भावाला अतिरेकी वाटतो. आमचा त्यावरचा वाद चालू आहे.

परत येण्याची जी सक्ती जुन्या शाकारणीत आपोआप होती, ती आता विकत घ्यावी लागते, आणि ती तशी महाग नाही. आमच्या तिशीतल्या कारागिराबरोबर ठरले आहे ते असे: शिमगा झाला की त्याने एकदा घरी यायचे, शेजारच्या काकांकडून किल्ली घ्यायची, माळ्यावर जाऊन प्रत्येक पाखे आतून पाहायचे, पन्हळ साफ करायची, स्क्रूच्या चकत्या तपासायच्या, वाळवीची वाट दिसली तर तिथे काजूच्या टरफलांच्या तेलाचा हात मारायचा आणि काय पाहिले ते माळ्याच्या दाराशी खिळ्याला टांगलेल्या वहीत तारीख घालून लिहायचे. दुरुस्ती निघाली तर तिचे पैसे वेगळे. काही निघाले नाही तरी पाहणीचे पैसे ठरलेले. पहिल्यांदा हे सांगितले तेव्हा तो बुचकळ्यात पडला. “काम नसताना कसले पैसे, काका?” असे त्याने दोनदा विचारले. आता वहीत त्याच्या अक्षरातल्या नोंदी आहेत, बऱ्याचशा अशुद्ध आणि सगळ्या वाचता येण्याजोग्या. त्यांतल्या एकीत त्याने स्वतःच बसवलेला एक कोना हलल्याचे आणि तो पुन्हा बसवल्याचे लिहिले आहे, आणि पुढे कंसात ‘पैसे नाही’ असे. पाहणीची रक्कम आम्ही भावंडे वाटून देतो. तिच्यावरून आजवर कोणी कुरकुर केलेली नाही. कुरकुर होते ती गणपतीआधीच्या रंगाच्या खर्चावरून.